विराम आणि सुरक्षितता: स्वयंचालित सार्वजनिक वाहनांच्या प्रमाणकांचा एक विचार

चालकाविना धावणाऱ्या सार्वजनिक वाहनाची सुरक्षितता सिद्ध करताना एक गृहीतक फारशी चिकित्सा न होता स्वीकारले जाते. शंका येताच वाहन थांबावे, आणि थांबले की ते सुरक्षित झाले, असे हे गृहीतक होय. रेल्वेच्या परंपरेत, जेथे मार्ग स्वतंत्र असतो आणि गाड्यांमधील अंतर सिग्नल राखतात, तेथे ते बहुतांशी योग्यच आहे. उघड्या रस्त्यावर मात्र त्याची पुन्हा परीक्षा करणे अवश्य आहे.

अमेरिकेतील दोन घटना या दृष्टीने उद्बोधक आहेत. 8 नोव्हेंबर 2017 रोजी लास व्हेगास येथे, सेवेच्या पहिल्याच दिवशी, मागे सरकणाऱ्या ट्रकसमोर एक लहान स्वयंचालित बस थांबली. ट्रक मात्र न थांबता तिच्यावर आदळला. तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने, बस पुरेशा अंतरावर थांबेल ही ट्रकचालकाची अपेक्षा अपघाताचे कारण ठरविली. बसमधील सेवक तातडीने नियंत्रण हाती घेण्याच्या स्थितीत नव्हता, हेही साहाय्यक कारण म्हणून नोंदविले. फेब्रुवारी 2020 मध्ये कोलंबस येथे ताशी सुमारे 11 किलोमीटर वेगाने जाणारी अशीच बस एकाएकी थांबली व एक प्रवासी आसनावरून खाली पडला. पहिल्या ठिकाणी थांबणे अपुरे ठरले. दुसऱ्या ठिकाणी थांबणेच अपायाचे कारण झाले.

2020 साली प्रसिद्ध झालेले यू.एल. 4600 हे प्रमाणक चाचण्यांची संख्या ठरवून देत नाही. सुरक्षिततेचा पुराव्यानिशी केलेला युक्तिवाद मागते. ही भूमिका रास्त आहे. प्राणहानीचे प्रमाण मानवी चालकांहून अधिक नाही, हे 95 टक्के विश्वासाने दाखविण्यासाठी एकाही मृत्यूविना सुमारे 44 कोटी किलोमीटर धावावे लागेल, असे रँड संस्थेने 2016 मध्ये गणिताने दाखविले होते. केवळ अंतर मोजून हा प्रश्न सुटणारा नाही. तथापि हे प्रमाणक उत्तीर्णतेची मर्यादा स्वतः घालून देत नाही. स्वतंत्र परीक्षण ते मागते खरे. परंतु कोणता अपाय मोजावा व तो किती सह्य मानावा, याचा आरंभीचा निर्णय निर्मात्याच्याच हाती राहतो.

मोटारीतील प्रवासी पट्ट्याने बांधलेला असतो. बसमध्ये दांडा धरून उभी असलेली वृद्ध स्त्री तशी नसते. म्हणून सार्वजनिक वाहनाच्या युक्तिवादात तीन गोष्टी अनिवार्य असाव्यात: उभ्या प्रवाशास सोसेल इतक्याच ब्रेकची मर्यादा, थांबल्यानंतर वाहनाने काय करावे याचा पुरावा, आणि सेवक नेमला असल्यास त्याची जागा व साधने यांची परीक्षा. यांवाचून केलेली सिद्धता वाहनाची असेल, प्रवासाची नव्हे.