ब्रूनो काय शिकला

वडिलांच्या आठवणी निघाल्या की आपण बहुतेक वेळा त्यांची वाक्यं सांगतो. उधारी ठेवू नकोस, ताटात टाकू नकोस, दिलेला शब्द मोडू नकोस. वाक्यं लक्षात ठेवायला सोपी असतात, पुढच्या पिढीला जशीच्या तशी देता येतात. पण वडिलांकडून उचललेलं बरंच काही असं असतं, जे त्यांनी कधी बोलून दाखवलेलंच नसतं. त्यांची चाल, दमून घरी आल्यावर चप्पल काढण्याची रीत, अपमान गिळताना खाली जाणारी मान. मूल हे सगळं बघत असतं. बापाला त्याचा पत्ताही नसतो.

या अबोल शिकवणीवरची सर्वांत खोल कलाकृती कोणती, असं कुणी विचारलं तर मी व्हित्तोरियो दे सिका यांच्या 1948 सालच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’चं नाव घेईन. हा चित्रपट बेकारीवरचा, युद्धानंतरच्या दरिद्री रोमवरचा म्हणून ओळखला जातो आणि ते खरंच आहे. तरी प्रत्येक वेळी पाहताना माझी नजर सायकलीवरून हटते आणि ब्रूनो या लहान मुलावर जाऊन थांबते.

कथा चार ओळींत मावते. बेकार आंतोनियोला भिंतींवर पोस्टरं चिकटवण्याचं काम मिळतं, पण अट अशी की सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको मारिया घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग आंतोनियो आणि ब्रूनो हे बाप-लेक रविवारचं सबंध रोम पालथं घालतात. सायकल सापडत नाही. शेवटी आंतोनियो स्वतःच एक सायकल पळवायला जातो आणि पकडला जातो. पटकथेत मोठा वाटा असलेले चेझारे झावात्तिनी आणि दे सिका यांनी एवढ्याशा घटनेवर दीड तास उभा केला आहे. तो उभा राहतो, कारण प्रत्येक प्रसंग दोनदा घडतो: एकदा बापाच्या बाबतीत आणि एकदा ते बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांत.

पात्रांची निवडही या विषयाला साजेशी झाली. आंतोनियो झालेले लाम्बेर्तो माज्जोरानी हे कारखान्यातले कामगार. ते आपल्या मुलाला निवडीसाठी घेऊन आले होते; दे सिकांनी मुलाऐवजी बापाला घेतलं. ब्रूनो झालेला एन्झो स्तायोला दिग्दर्शकाला रस्त्यात दिसला आणि त्याच्या चालीवर ते भाळले. या चित्रपटात चालण्याला किती अर्थ आहे, हे पाहिलं की ती निवड पटते. लांब टांगा टाकणारा उंच बाप आणि त्याला गाठण्यासाठी निम्मं अंतर दुडदुडत कापणारा लेक, ही जोडीच चित्रपटाची लय ठरवते.

कामाच्या पहिल्या दिवसाची सकाळ बघा. अजून उजाडतंय. ब्रूनो सायकल पुसतोय आणि गहाणाच्या दुकानात तिला पोचा पडला म्हणून कुरकुरतोय. तुम्ही तक्रार का केली नाहीत, हा त्याचा सवाल. सायकलीची बारीकसारीक खूण या मुलाला पाठ आहे. मारिया दोघांना ऑम्लेट बांधून देते. बाप आपला पुडा डांगरीच्या वरच्या खिशात सरकवतो. पोरगंही तसाच, तितक्याच ऐटीत, आपल्या छोट्या डांगरीच्या खिशात सरकवतं. निघण्यापूर्वी खाटेवरच्या तान्ह्या भावंडाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून ब्रूनो खिडकी लोटून घेतो. मग बाप त्याला सायकलीवरून पेट्रोल पंपावर सोडतो, कारण ब्रूनोही कामाला जातो.

या दोन-तीन मिनिटांत कुणी कुणाला काही शिकवत नाही, तरी शिकवण घडून गेलेली दिसते. काम कसं अंगावर घ्यायचं, घरातल्या दुबळ्या जिवाची काळजी कशी घ्यायची, हे त्या मुलाच्या अंगात मुरलंय. आणि दे सिकांनी इथेच आपल्याला एक धास्ती देऊन ठेवली आहे. जो मुलगा बापाचं सगळं उचलतो, तो बापाचं वाईटही उचलेल का? शेवटच्या चोरीचं सगळं वजन या सकाळच्या ऑम्लेटवर उभं आहे.

शोध सुरू झाल्यावर बापाची नजर सायकलीत अडकते आणि मुलगा तिच्यातून निसटत जातो. पोर्ता पोर्तेझेच्या बाजारात पाऊस कोसळतो. ब्रूनो धावताना पडतो, आणि त्याचे कपडे चिखलाने माखलेले बघून आंतोनियो विचारतो, काय झालं? तो पडला हे त्याने पाहिलेलंच नसतं. पुढे रस्ता ओलांडताना मुलगा मोटारीखाली येता येता वाचतो. बाप पुढे निघून गेलेला. यावर संवाद नाही, पार्श्वसंगीताचा जोर नाही. कॅमेरा फक्त दोघांमधलं अंतर दाखवतो. आंतोनियो दुष्ट नाही. हातातोंडाची गाठ पडेना की माणसाचं लक्ष कसं आक्रसतं, हे इतक्या निगुतीने फार थोड्यांनी दाखवलंय.

मग ती थप्पड. चर्चमधून एक म्हातारा, चोराचा माग देऊ शकणारा एकमेव दुवा, निसटतो. ब्रूनो बापाला बोल लावतो आणि बाप त्याच्या थोबाडीत देतो. ब्रूनो रडतो, आईला सांगेन म्हणतो आणि अंतर राखून चालू लागतो. बापाने बोलावलं तरी जवळ यायला तयार नाही. त्याला पुलापाशी थांबायला सांगून आंतोनियो नदीकाठाने पुढे जातो, तोच आरडाओरडा: कुणी मुलगा बुडतोय. आंतोनियो जिवाच्या आकांताने धावतो. पाण्यातून बाहेर काढलेला मुलगा दुसराच निघतो. मान वर करतो तर उंच दगडी पायऱ्यांच्या माथ्यावर ब्रूनो एकटा उभा.

पुढे जे घडतं ते मला या चित्रपटाचं मर्म वाटतं. बाप माफी मागत नाही. त्या पिढीतले बाप, इटलीतले काय आणि आपल्याकडचे काय, मुलांची माफी मागत नसत. तो मुलाजवळ जातो. घामेजलास, कोट घाल म्हणतो. दमलास का, भूक लागली का, विचारतो. आणि खिशात नसलेली श्रीमंती करून त्याला हॉटेलात जेवायला नेतो. तिथे ब्रूनोचं लक्ष पलीकडच्या टेबलावरच्या सुखवस्तू मुलाकडे जातं, त्याच्यासारखं काटा-सुरीने खायची त्याची धडपड चालते, आणि बाप नोकरी टिकली असती तर महिन्याला किती मिळाले असते याचा हिशेब मांडतो. पण हिशेबाआधीच एक मोठी गोष्ट घडून गेलेली आहे. अंतर पडलं की आपण होऊन परत जवळ जायचं, हे ब्रूनोने पाहिलंय.

आता शेवट. फुटबॉलच्या स्टेडियमबाहेर सायकलींच्या रांगा. आंतोनियो मुलाला पैसे देऊन ट्रामने पुढे जायला सांगतो. चोरी मुलाच्या डोळ्यांआड व्हावी एवढी लाज त्याने अजून जपलेली आहे. ब्रूनोची ट्राम चुकते. त्याला दिसतं की माणसांचा घोळका एका सायकलस्वाराच्या मागे धावतोय आणि तो सायकलस्वार आपला बाप आहे. लोक आंतोनियोला धरतात, मारतात, त्याची टोपी खाली पडते. ब्रूनो गर्दीत घुसून बापाला बिलगतो, मग ती टोपी उचलून झटकतो. सायकलचा मालक त्या मुलाकडे बघतो आणि तक्रार न करता बापाला सोडून देतो. त्या पहिल्या सकाळी ज्या मुलाला बापाने सायकलीवरून कामावर सोडलं होतं, त्या मुलाच्या नुसत्या असण्याने बाप तुरुंगापासून वाचतो.

दोघं चालू लागतात. आंतोनियोला रडू आवरत नाही. ब्रूनो वर बघतो आणि बापाचा हात धरतो.

या हाताचा अर्थ बहुतेकदा क्षमा असा लावला जातो. तो चुकीचा नाही, पण मला त्यात आणखी काही दिसतं. ब्रूनो इथेही बापाचं पाहूनच वागतोय. थप्पड मारून चुकलेला बाप न बोलता जवळ आला होता. आता चोरी करून चुकलेल्या बापाजवळ मुलगा न बोलता जातो. दिवसभरात या मुलाने बापाची चिडचिड पाहिली, दुर्लक्ष पाहिलं, चोरी पाहिली. त्या सगळ्यातून त्याने उचलला तो पायऱ्यांवरचा बाप. त्या पहिल्या सकाळी मनात आलेल्या धास्तीला दे सिकांनी दिलेलं हे उत्तर आहे.

जानेवारी 1952 मध्ये मुंबईला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. बिमल रॉय यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला आणि 1953 मध्ये ‘दो बिघा जमीन’ आला. तिथेही शहराने गिळलेले बाप-लेक आहेत. पण तिथे चोरीकडे वळतो तो मुलगा आणि संतापतो तो बाप. आपल्याकडच्या प्रेक्षकाला बापाचं पाऊल घसरलेलं पाहवलं नसतं, असं वाटतं. दे सिकांनी ते पाहायला लावलं, आणि म्हणून त्यांच्या चित्रपटातला बाप मला अधिक जवळचा वाटतो.

वडिलांची आठवण काढताना आपण त्यांचे पराभव वगळतो; त्यात आदर असतो हे मला मान्य आहे. पण त्या पराभवांच्या दिवशी ते आपल्याशी कसे वागले, ही त्यांची सर्वांत खरी शिकवण असते. ती गौरवाच्या लेखात मावत नाही, सुविचार म्हणून भिंतीवर लावता येत नाही. आपलं माणूस चुकतं, आपण रागावतो, आणि तरी काही वेळाने पुन्हा त्याच्या शेजारून चालू लागतो, तेव्हा ती आपल्या हातून पाळली जाते.