पाच व्होल्टची सवय

आमच्या मस्कतच्या इमारतीत देवरुखचे एक काका राहतात. बायॉस अपडेट चालू असताना त्यांचा लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड बदला. काका माझ्याकडे आले, कारण माझ्या नावामागे 'डॉक्टर' आहे आणि टेबलावर आर्डुइनो उनो असतो.

वाचकहो, बायॉस ज्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये राहतो ती आर्डुइनोने वाचता-लिहिता येते, हे खरंच आहे. बोर्डात एक छोटा प्रोग्रॅम टाकायचा, संगणकावर फ्लॅशरॉम चालवायचा. माझी तक्रार आहे ती हे शिकवणाऱ्या सर्वत्र फिरणाऱ्या कृतींबद्दल. 'चिपला ३.३ व्होल्टच्या पिनमधून वीज द्या' म्हणतात आणि निश्चिंत होतात. पण उनोच्या बाकीच्या पिना पाच व्होल्टनेच बोलतात! विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू६४ ची डेटाशीट वाचा: पुरवठा २.७ ते ३.६ व्होल्ट. पुष्कळदा चिप हे सहन करते, म्हणून कृती लिहिणाऱ्याचं फावतं. मध्ये लेव्हल शिफ्टर लावायला कितीसा खर्च येतो? शिवाय ती ३.३ व्होल्टची पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते. चिप मदरबोर्डावरच ठेवून चिमटा लावला, तर आजूबाजूचे भागही ती वीज ओढतात. मला ओळख विचारल्यावर नुसते एफएफ एफएफ मिळाले ते त्यामुळेच. चिप काढून, शिफ्टर लावून विचारलं, तेव्हा कुठे इएफ ४० १७ आलं.

दुसरी चूक जास्त महागात पडते. 'पुसा आणि लिहा' असं सरळ सांगतात. फ्लॅशमध्ये पुसणं म्हणजे सगळे बिट एक करणं. लिहिताना एकाचा शून्य होतो, उलट नाही, म्हणून आधी ४ किलोबाइटचा अख्खा सेक्टर पुसावाच लागतो. पण त्याच चिपमध्ये लॅपटॉपचा अनुक्रमांक, कधी नेटवर्कचा पत्ताही असतो. निर्मात्याच्या फाइलमध्ये तो नसतो. फ्लॅशरॉम लिहून झाल्यावर पडताळणी करतो, हा त्याचा प्रामाणिकपणा. जुन्या मजकुराची प्रत मात्र तुम्हालाच काढून ठेवायची असते. दोनदा वाचा, दोन्ही फाइली जुळवा, मगच पुसा.

उनोचा वेग ११५२०० बॉड. आठ मेगाबाइट वाचायला बारा मिनिटं, दोनदा म्हणजे पंचवीस. पुन्हा करायची वेळ आली तर मी रास्पबेरी पाय पिको घेईन. त्याच्या पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या, यूएसबीही थेट. (त्याचा स्वतःचा प्रोग्रॅमही अशाच एका विनबाँड चिपमध्ये राहतो.) हल्ली काही लॅपटॉपमध्ये १.८ व्होल्टच्या चिप्स असतात, तिथे पिकोही नको.

दोन्ही प्रती जुळल्या. जुन्यातला अनुक्रमांकाचा भाग नव्यात बसवला, लिहायला दिलं. काका दोनदा येऊन विचारून गेले, "जळका वास येतोय का गं?" वास त्यांच्याच स्वयंपाकघरातून येत होता, बांगडे लागले होते. लॅपटॉप रात्री पावणेअकराला सुरू झाला.