काबाड आणि कुळंबीण

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याचे गाव. या मुलखाच्या बोलीची चर्चा निघाली म्हणजे ‘काहून’, ‘माय’, ‘लेकरू’ असे चार-दोन शब्द देऊन समीक्षक मोकळे होतात. कानाला वेगळे वाटते तेवढीच बोली, अशी समजूत त्यामागे असते. आम्हांला ती मान्य नाही. शब्द ओळखीचा असावा आणि अर्थ मात्र बोलणाऱ्याच्या जगण्याने पालटलेला असावा, तेथेच बोलीची खरी परीक्षा आहे.

याच जिल्ह्यातील रिधोऱ्यात जन्मलेले कवी इंद्रजित भालेराव यांच्या दोन पुस्तकांची नावेच पाहावीत. ‘आम्ही काबाडाचे धनी’मधील काबाड म्हणजे मुळात बैलावर लादलेले गवताकाटक्यांचे ओझे, ते वाहणारा तो काबाडी. पुढे ओझे मागे पडले आणि कष्ट उरले. ‘धनी’ हा शब्द मात्र मालकीचा. शेतकऱ्याच्या मालकीचे काय, तर काबाड! हा उपरोध पुस्तकामागे शब्दार्थांची यादी जोडून हाती लागत नाही. ‘काबाडा’च्या जागी ‘श्रम’ ठेवून पाहावे. ओळ शुद्ध होईल आणि पाठीवरचे ओझे नाहीसे होईल.

‘कुळंबिणीची कहाणी’ या नावापाशी आम्ही अधिक थांबलो. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबीण म्हणजे दासी; तिची किंमत ठरे, खरेदी-विक्री होई. शेतकऱ्याच्या तोंडी कुळंबीण म्हणजे घरची बाई : निंदणारी, खुरपणारी, कापूस वेचणारी. पहिला अर्थ मालकाच्या वहीतला, दुसरा घरातला. कोशकार त्यांना एक आणि दोन असे आकडे घालून शेजारी बसवतो व पुढच्या शब्दाकडे वळतो. त्याचे कामच ते. समीक्षकाने तसे वळू नये. ज्या शेतात ती जन्मभर राबते त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव किती घरांत असते? म्हणून जुन्या अर्थाची सावली नव्यावर पडत असेल, तर ती पुसू नये असे आम्हांला वाटते. ‘पीकपाणी’ (१९८९) या संग्रहापासून या कवितेवर ‘ग्रामीण’ असा शिक्का मारून तिची बोळवण करणाऱ्यांनी हा हिशेब केलेला दिसत नाही.

सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या आमच्या वाचकांना घरचा शब्द शाळेत चूक ठरल्याचा अनुभव आहेच. वाडीत राबणाऱ्या बाईसाठी आपल्या बोलीत कोणता शब्द होता, आणि तो तिने घेतलेला की तिला दिलेला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आम्हांस अवश्य कळवावे.