रांझ्याचा कागद व त्यावरील लोकभाष्य

राज्यकर्त्यानें आपलें नांव, हेतु व न्याय लोकांच्या कानीं कसा घालावा, या विद्येस हल्लीं ‘जनसंपर्क’ म्हणतात. तिचीं मुळें अरबस्तानांत शोधणारे लेखक उकाझच्या बाजारांत टोळीची कीर्ति गाणारे कवि, शुक्रवारचा खुतबा व नाण्यावरील नांव यांजकडे निर्देश करितात, व तें योग्यच आहे. खुतबा व सिक्का ज्याच्या नांवाचा तो राजा, ही खूण पुढें दक्षिणेंतील सुलतानांसही मान्य झाली. आमच्या दफ्तरांतील ‘कौल’ हा शब्द व सुहूर सनाचे अंकशब्द मूळचे अरबीच. तेव्हां विषय आम्हांस अगदींच परका नव्हे.

भोर व वेल्हे या बाजूस पाहूं जातां अडचण अशी कीं, १६४६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांस स्वतःचें नाणें नव्हतें (तें १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं निघालें), आणि खुतब्याचा तर प्रश्नच नाहीं. उरली ती मुद्रा. शहाजीराजांची मुद्रा फारसी, पुत्राची संस्कृत. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणें वाढणारी व लोककल्याणार्थ शोभणारी, असें ती स्वतःचें वर्णन करिते. ही घोषणा खरी. पण कोणास उद्देशून? मावळच्या कुणब्यास ती श्लोकबद्ध ओळ उमगली असेल असें मानणें धाडसाचें होईल. मुद्रा बोलली ती कुळकर्णी, कारकून व शेजारचे देशमुख यांच्याशीं.

भोर तालुक्यांतील रांझें गांवचा २८ जानेवारी १६४६ चा समुद्र कागद सर्वांच्या परिचयाचा आहे. मोकदम बाबाजी गुजर याचे हातपाय तोडविल्याचा मजकूर त्यांत आहे. स्त्रीच्या अब्रूवर घाला घातल्याबद्दल ही शिक्षा झाली, असें व्याख्यानांतून व शालेय पुस्तकांतून इतक्या वेळां सांगण्यांत आलें आहे कीं, मूळ कागद वाचण्याची गरजच कोणास भासत नाहीं. कागदांत ‘बदअमल’ एवढाच शब्द आहे. अपराध कोणता, हें तो सांगत नाहीं. लोककथा खोटी असें आमचें म्हणणें नाहीं. ती कागदाच्या आधारानें सांगतां येत नाहीं, इतकेंच. शिवाय कागदाचा मुख्य हेतु शिक्षेची दवंडी हा नसून पाटिलकी त्याच गोतांतील सोनजी गुजर याजकडे सोंपविणें हा आहे. तें वतनपत्र आहे, आणि वतनपत्र म्हणूनच तें जपलें गेलें. गुन्हेगार पाटील दूर झाला तरी पाटिलकी गोताबाहेर गेली नाहीं, हें आसपासच्या वतनदारांनीं खास लक्षांत घेतलें असेल. आमच्या मतें या कागदांतील खरा लोकसंपर्क तो हाच.

दादाजी नरसप्रभूंच्या नांवचें १६४५ चें पत्र अधिक लोकप्रिय आहे. ‘हिंदवी स्वराज्य’ हे शब्द तेथलेच. परंतु त्याच्या अस्सलपणाविषयीं अभ्यासकांत मतभेद असतां त्यावर सिद्धांताची इमारत उभारणें बरें नव्हे.

याहून बोलका पुरावा १६५९ चा. अफजलखान निघाला तेव्हां अली आदिलशहाचें फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांस आलें: खानास मिळाल्यास सरफराजी, न मिळाल्यास परिणाम वाईट. शेजारच्या उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. कान्होजींनीं वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू धरली. एकाच खोऱ्यांतील दोन घरांनीं एकाच धाकाचीं दोन उत्तरें दिलीं. खोपड्यांस पुढें एक हात व एक पाय गमवावा लागला. कान्होजींच्या रदबदलीनें जीव तेवढा वांचला.

पण हें आपणांस कळतें तें मुख्यतः जेध्यांच्याच करिन्यावरून. लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली उजेडांत आणल्यापासून या घराण्याच्या कागदांस जो मान मिळाला तो उचितच. तथापि शकावली व करिना यांची जात एक नव्हे. शकावली मित्या नोंदते. करिना वतनाचा हक्क सांगण्यासाठीं लिहिला जातो, आणि लिहविणारा आपल्या घराची निष्ठा पुढें करितो, हें ओघानेंच आलें. राजाचा लोकसंपर्क शोधूं निघालेल्यांनीं वतनदारांचा लोकसंपर्कही तितक्याच कठोरपणें तपासावा. उत्रोळीकडील एखाद्या रुमालांत खोपड्यांच्या बाजूची हकीकत असल्यास ती पाठपोट, शिक्क्यांसह व कोणाच्या संग्रहांतून मिळाली या नोंदीसह छापली जावी. नुसती मुद्रा कापून चौकटींत लावणाऱ्या संग्राहकांनीं तर हें विशेष ध्यानांत घ्यावें. कापलेल्या भागांत बहुधा सोनजीचेंच नांव असतें.