येहुदी मेन्युहिन : देणगी आणि साधना

जो परदेशी कलावंत आपल्या देशावर प्रेम करतो, त्याच्या कलेची परीक्षा करावयास आपले मन सहसा धजत नाही. येहुदी मेन्युहिनच्या बाबतीत असेच घडले आहे. १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला, त्याच्या मैफलींचे उत्पन्न दुष्काळनिवारणासाठी दिले गेले, योगासनांचा तो निष्ठावंत पुरस्कर्ता झाला आणि हिंदुस्थानी संगीताची थोरवी त्याने पश्चिमेला सांगितली. १९६८ चा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार त्याला मिळाला तो उचितच होता. परंतु कृतज्ञता ही रसिकतेची जागा घेऊ शकत नाही. मेन्युहिन हा वादक म्हणून नेमका किती मोठा, आणि त्याच्या उत्तरायुष्यातील वादनाविषयी जी कुजबूज जाणकारांत नेहमी चालत आली तिचे काय, हा प्रश्न आपणही विचारला पाहिजे.

२२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा जन्म झाला आणि बालपण सॅन फ्रान्सिस्कोत गेले. लुई पर्सिंजर हा त्याचा आरंभीचा महत्त्वाचा गुरू. पुढे पॅरिसमध्ये जॉर्जे एनेस्कू आणि नंतर अॅडोल्फ बुश यांच्याकडे तो शिकला. १९२७ साली, अकराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने बेथोव्हेनचा कॉन्चेर्टो वाजवला. १२ एप्रिल १९२९ रोजी, तेरावे वर्ष पुरे व्हावयास दहा दिवस उरले असता, बर्लिनमध्ये ब्रूनो वाल्टरच्या संचालनाखाली त्याने बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स या तिघांचे कॉन्चेर्टो एकाच संध्याकाळी सादर केले. आपल्याकडे बालगंधर्व, कुमार गंधर्व ही नावे ज्या आश्चर्यातून जन्मली, तेच आश्चर्य बर्लिनच्या त्या श्रोत्यांनी अनुभवले असले पाहिजे.

पण या आश्चर्याच्या पोटातच पुढील संकटाचे बीज होते. त्याने आत्मचरित्रात सांगितलेला एक प्रसंग बोलका आहे. बेल्जियमचा वृद्ध व्हायोलिनसम्राट यूजेन इझाई याच्यापुढे या मुलाने लालोची अवघड रचना झोकात वाजवून दाखवली. इझाईने ती ऐकून घेतली आणि मग एक साधी गोष्ट वाजवण्यास सांगितली : षड्ज, गांधार, पंचम असे टप्पे घेत चार सप्तके चढून जाणे. मुलगा अडखळला. पलटे आणि आरोह-अवरोह घोटीत जा, असा सल्ला त्याला मिळाला. त्या वयात तो मनावर घेतला गेला नाही. जे न शिकता येत होते ते शिकण्याची गरज त्याला कशी भासावी?

त्या काळातील वादन आजही ध्वनिमुद्रिकांतून ऐकावयास मिळते आणि त्यापुढे टीकाकाराला नम्र व्हावेच लागते. १९३२ सालच्या जुलैत लंडनमध्ये एल्गारचा व्हायोलिन कॉन्चेर्टो मुद्रित झाला. पंचाहत्तर वर्षांचा रचनाकार स्वतः वाद्यवृंदाचे संचालन करीत होता आणि वादक होता सोळा वर्षांचा. या कृतीच्या अखेरच्या भागात एक विलक्षण जागा आहे : वाद्यवृंदातील तारवाद्ये बोटांनी हलकेच छेडली जात असतात, आणि त्या कुजबुजीवर एकटे व्हायोलिन आधीच्या भागांतील सुरावटी एकेक करून आठवीत जाते. ही जागा सरलेल्या आयुष्याच्या स्मरणाची आहे. ज्याच्यापाशी मागे वळून पाहण्याजोगे काही नव्हते त्या मुलाने ती अशी वाजवावी, याचा खुलासा तालमीने होत नाही. तिला देणगी म्हणणे भाग आहे.

देणगीची अडचण अशी, की ती कोठून आली हे ठाऊक नसल्याने ती जाऊ लागली म्हणजे तिला परत कोठून बोलवावे हेही ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात मेन्युहिनने दोस्त सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. प्रवास, अपुरी विश्रांती आणि रियाजाचा अभाव यांनी शरीर शिणले. जुलै १९४५ मध्ये बेंजामिन ब्रिटन या रचनाकाराच्या पियानोसाथीने तो बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोर वाजवून आला. युद्धोत्तर काळात गज धरणारा हात त्याला दगा देऊ लागला. गज तारेवर थरथरे, सूर क्वचित निसटे. तिशी ओलांडलेल्या जगद्विख्यात वादकाला आपण गज कसा धरतो, खांदा कोठे आखडतो, श्वास केव्हा कोंडतो, हे प्राथमिक विद्यार्थ्याप्रमाणे तपासावे लागले.

त्याच्या योगप्रेमाचा उगम येथे आहे. त्याला पौर्वात्य गूढतेचे आकर्षण म्हणणे वरवरचे होईल. योगाचे एक पुस्तक भारतात येण्यापूर्वीच त्याच्या हाती पडले होते. १९५२ साली मुंबईत त्याला भेटावयास पुण्याहून बी. के. एस. अय्यंगार आले. भेटीसाठी पाच मिनिटे ठरली होती. शवासनात मेन्युहिनला गाढ झोप लागली आणि भेट बरीच लांबली. १९५४ मध्ये त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला नेले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योग’ला प्रस्तावना लिहिली. अय्यंगारांची कीर्ती पुण्याबाहेर जगभर पसरली तिचा आरंभ एका व्हायोलिनवादकाच्या दुखऱ्या खांद्यातून झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मग साधनेने देणगी परत आली काय? प्रामाणिक उत्तर असे, की पूर्णांशाने आली नाही. उत्तरकाळातील अनेक मुद्रणांत गजाचा कंप स्पष्ट ऐकू येतो. निव्वळ सफाईत हायफेट्झ किंवा ऑइस्त्राख यांच्या पंक्तीला ते वादन बसत नाही. तथापि फुर्टवेंगलरच्या संचालनाखालील बेथोव्हेनच्या कॉन्चेर्टोचा मधला संथ भाग ऐकावा. मूळ धून वाद्यवृंदाकडे असते आणि व्हायोलिन तिच्याभोवती नुसती वेलबुट्टी काढीत राहते. बालपणीचा मेन्युहिन तेथे सुंदर वाजवून गेला असता. या मेन्युहिनच्या प्रत्येक सुराला मात्र तो हातून निसटू शकतो याची जाणीव आहे, आणि त्या जाणिवेतून आलेले गांभीर्य मला अधिक मोलाचे वाटते. बार्तोककडे मागणी करून त्याने एकल व्हायोलिनसाठी सोनाटा लिहवून घेतला आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये तो प्रथम वाजवला. दहा महिन्यांनी बार्तोक वारला. ही एक कृती जगाला दिली एवढ्यानेही त्याचे नाव राहिले असते.

रविशंकरांबरोबरच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तिचे अमाप कौतुक झाले. तिच्यातील तिलंगावर आधारलेली ‘स्वरकाकली’ ऐकताना मात्र संकोच होतो. दोन्ही निषाद जागच्या जागी लागतात, लयही सुटत नाही; पण समोरून आलेल्या प्रश्नाला जागीच सुचलेले उत्तर तेथे नाही, कारण व्हायोलिनचे सूर लिहून दिलेले आहेत. व्हायोलिनवर रागाची बढत ज्यांना ऐकावयाची असेल त्यांनी महाराष्ट्रात जन्मून कलकत्त्यास स्थायिक झालेल्या वि. गो. जोगांकडे वळावे, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईला त्यांनी दिलेली उत्तरे लिहून देता येण्यासारखी नव्हती. मेन्युहिनला स्वतःला हे अंतर ठाऊक होते. उत्स्फूर्त रचना आपल्याला साधत नाही हे त्याने लपविले नाही. जगाने गुरू मानलेल्या माणसाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या संगीतात विद्यार्थी होऊन, चुकण्याची भीती न बाळगता, उघड्यावर बसावे, यात त्या मुद्रिकेचे खरे महत्त्व आहे. कलाकृती म्हणून ती मध्यमच राहते.

१९६३ साली त्याने इंग्लंडमध्ये बालवादकांसाठी शाळा काढली. ज्याला पायऱ्या न चढता शिखर मिळाले होते त्याने इतरांच्या मुलांसाठी पायऱ्या बांधाव्यात, हे मला त्याच्या वादनावरील त्याचे स्वतःचेच समीक्षण वाटते. वाद्य खाली ठेवल्यावरही वाद्यवृंदाचे संचालन तो अखेरपर्यंत करीत राहिला, आणि दौऱ्यावर असतानाच १२ मार्च १९९९ रोजी बर्लिनमध्ये त्याचे निधन झाले. सत्तर वर्षांपूर्वी याच शहराने त्याला चमत्कार म्हणून डोक्यावर घेतले होते. रसिकांनी एल्गारची ती मुद्रिका अवश्य ऐकावी. पण तेथेच न थांबता नंतरचा, थरथरता गजही ऐकावा. तो ऐकून ज्यांची निराशा होईल त्यांना दोष देता येणार नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर मी त्या दुसऱ्या मेन्युहिनकडे अधिक वेळा वळतो.