सर्फोजींच्या नऊ ओळी

तंजावरच्या मराठी राजवटीने जे कोरीव लेख मागे ठेवले, त्यांपैकी दोन एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच वाचले जातात. एक बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील 1803 चा भोसले वंशाचा विस्तीर्ण मराठी इतिहास. दुसरा जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या समाधिशिलेवरील नऊ ओळींची इंग्रजी कविता. ही कविता स्वतः दुसऱ्या सर्फोजी महाराजांची. पहिल्या लेखाला मराठी गद्याच्या इतिहासात मानाचे पान मिळाले. दुसरा इंग्रजीत असल्याने मराठी समीक्षेच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

श्वार्ट्झ 1750 मध्ये तरंगंबाडीस उतरले आणि पुढे तंजावरात स्थिरावले. दरबारात बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. 1779 मध्ये मद्रास सरकारच्या वतीने ते हैदरअलीच्या भेटीस गेले, तेव्हा वाटखर्चासाठी मिळालेली तीनशे रुपयांची थैली त्यांनी सरकारपुढे ठेवली. सरकारने ती घेतली नाही, तेव्हा ती तंजावरातील शाळेच्या कामी लावली. पुढील दुष्काळात राजाच्या आणि कंपनीच्या वचनावर कोणी धान्य आणीना. श्वार्ट्झ यांच्या शब्दावर ते आले.

मत्तयच्या शुभवर्तमानात सैतान ख्रिस्तापुढे अखेरचा मोह ठेवतो तो जगातील राज्यांचा. श्वार्ट्झ यांच्यापुढे तो 1787 मध्ये आला. मरणोन्मुख तुळजाजींनी दत्तक घेतलेले दहा वर्षांचे सर्फोजी त्यांच्या हाती सोपविले. पालकत्वाबरोबर राज्याच्या किल्ल्या आणि बालराजाचे मन, दोन्ही आपसूक आले असते. श्वार्ट्झ यांनी नकार दिला आणि राजाचा भाऊ अमरसिंग याच्याकडे बोट दाखविले.

हा नकार चरित्रकारांना नेहमीच भावला आहे. त्याची किंमत मात्र नकार देणाऱ्याने मोजली नाही, मुलाने मोजली. अमरसिंगाच्या कारभारात सर्फोजी जवळजवळ कोंडलेले आणि विद्येवाचून राहिले. 1793 मध्ये श्वार्ट्झ यांच्याच खटपटीने ते मद्रासेस गेले. मोह टाळणे आणि कर्तव्य टाळणे यांतील सीमारेषा इतकी पुसट असते, हे श्रद्धावंतांच्या चरित्रांत सहसा लिहिले जात नाही.

म्हणूनच त्या मुलाने पुढे काय लिहिले, ते महत्त्वाचे ठरते. काव्य म्हणून या नऊ ओळींची उंची बेताचीच. निश्चय, नम्रता, शहाणपण, निष्कपटपणा अशी गुणांची रास पडते. यमकासाठी शब्द ओढले जातात. पण कविता काय वगळते ते पाहावे. ख्रिस्ताचे नाव नाही, शास्त्राचे नाही, स्वर्गाचेही नाही. शिष्याने गुरूची श्रद्धा तिच्या आचरणातून वाचली आणि मतप्रतिपादन बाजूस ठेवले. अंधारातल्यांना प्रकाश देणाऱ्याचा उल्लेख येतो, तोही दोन अर्थ वागवतो: मिशनऱ्यांच्या भाषेत तो धर्मप्रसार, मराठी कानांना तो अज्ञान दूर करणारा सद्गुरू. सर्फोजी स्वधर्मातच राहिले. 1820 मध्ये ते काशीयात्रेस निघाले. ज्याच्या मनावर श्वार्ट्झ यांचा एवढा अधिकार होता, त्याच्या धर्मांतराचा हट्ट त्यांनी धरला नाही. राज्याच्या मोहापेक्षा उपदेशकाला हा मोह आवरणे अधिक कठीण असावे.

या कवितेभोवतीचा इतिहास निर्मळ नाही. श्वार्ट्झ 13 फेब्रुवारी 1798 रोजी वारले. त्याच वर्षी सर्फोजी कंपनीच्या पाठिंब्याने गादीवर आले, आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. निर्लोभ माणसाने मिळविलेला विश्वास लोभी सत्तेच्याही उपयोगी पडला, हे नाकारता येत नाही. पण तेवढ्यावरून या ओळींना मांडलिकाची खुशामत ठरविणे हे वाचनाचे आळशीपण होय. खुशामत जिवंत सत्ताधीशाची होते. ही कविता ज्याच्यासाठी आहे, त्याच्याकडे देण्यासारखे काही उरले नव्हते.

शिवगंगा कोटातील चर्चमध्ये सर्फोजींनी शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतलेल्या संगमरवरी शिल्पात ते स्वतः मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून उभे आहेत. मंदिराच्या भिंतीवर ते वंशावळीतले छत्रपती आहेत; इथे ते केवळ पुत्र आहेत. कवितेच्या शेवटी गुरूला पिता म्हणून, त्याच्या योग्यतेचे व्हावे एवढे मागणे ते मागतात, आणि अखेरच्या ओळीत स्वतःचे नाव गुंफतात. इंग्रजी वाचकाला ती सही वाटेल. अभंगाच्या आणि पदाच्या परंपरेत वाढलेला वाचक तिथे नाममुद्रा ओळखतो.