अनित्यता व पुनर्भव, बौद्ध दर्शनातील
सर्व संस्कार अनित्य असून आत्मा नावाचे कायम तत्त्व नाही, हा सिद्धांत आणि कर्मानुसार पुनर्जन्म होतो, ही शिकवण यांत सकृद्दर्शनी विसंगती दिसते. आत्मा नसेल, तर जन्म कोणाचा? हा प्रश्न केवळ विरोधकांचा नव्हे. मज्झिमनिकायातील महातण्हासंखयसुत्तात साती हा भिक्षू तेच विज्ञान जन्मोजन्मी संचरते, असे मानतो. विज्ञान प्रत्ययांवाचून उत्पन्नच होत नाही, असे सांगून बुद्ध त्याचे मत खोडून काढतात.

मिलिंदपञ्हात नागसेनाने रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दृष्टांत दिला आहे : पहिल्या व अखेरच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे, पण सर्वस्वी वेगळीही नव्हे. यातून सातत्य उमगते. जबाबदारी मात्र उमगत नाही. त्यासाठी त्याने आंबे चोरणाऱ्याचा दाखला योजिला : पेरलेला आंबा निराळा म्हणून चोर शिक्षेतून सुटत नाही.

तरीही वात्सीपुत्रीयांना स्कंधांहून भिन्न वा अभिन्न असे न सांगता येणारा ‘पुद्गल’ मानावा लागला. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या भाष्यात त्याचे खंडन करून चित्तसंतान पुरेसे ठरविले. कार्यकारणभाव पुरेसा असेल, तर गुरूचा अनुभव शिष्यास का आठवत नाही, हा नैयायिकांचा आक्षेप अधिक मर्मभेदी होय; त्याला उत्तर देताना बौद्धांची युक्ती फिरून संतानाच्या एकत्वाकडेच येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी द बुद्ध अँड हिज धम्म (१९५७) या ग्रंथात पुनर्भव भूतद्रव्यांचा मानला, आत्म्याचा नव्हे. पूर्वजन्मीचे कर्म या जन्मी भोवते, ही कल्पना मात्र त्यांनी बुद्धाची मानली नाही.